कपाळापासून दोन बोटांवर

करोनाची साथ आवरण्यासाठी महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० पासून जो कायदा लागू केला, तो १२३ वर्षांपूर्वीचा होता. साथरोग अधिनियम, १८९७. कलमं मोजून चार, पण अधिकार मोठे. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्या कोणालाही थांबवून तपासावं, आणि तपासणी करणाऱ्याला नुसता संशय आला तरी त्या माणसाला वेगळं ठेवावं, ही तरतूद त्यात पहिल्यापासून आहे. २०२० साली बुलढाणा जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या कपाळासमोर थर्मल गन धरली गेली, ती याच कायद्याच्या आधारावर. म्हणून या गनची गोष्ट प्लेगपासून सांगितली पाहिजे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पाहता पाहता शहर रिकामं होऊ लागलं. माणसं बोचकी उचलून मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा नागपूरकडे जाणारा फाटा भुसावळ सोडला की मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी स्टेशनं घेत वऱ्हाडात शिरतो. जलंबहून खामगावला जाणारी छोटी लाइन १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली होती. ती कशासाठी, तर खामगावच्या बाजारातला कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत पोचावा म्हणून. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, १९०५ मध्ये ते बुलढाण्याला जोडलं गेलं.) ज्या रुळांवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईला जात होता, त्याच रुळांवरून मुंबईची माणसं आणि त्यांच्यासोबत मुंबईची भीती इकडे येत होती. सरकारचं लक्ष रेल्वेवर गेलं ते त्यामुळेच.

प्रवाशांत प्लेगचा रोगी ओळखायचा कसा? ताप हीच पहिली खूण. पण ताप आकड्यांत मोजण्याची रीत तेव्हा फार जुनी नव्हती. लायपझिगच्या कार्ल वुंडरलिशने सुमारे २५,००० रुग्णांच्या नोंदी घेऊन १८६८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा कुठे ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, हा आकडा वैद्यकात रुजला. त्याचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि काखेत वीस-वीस मिनिटं धरावा लागे. इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबटने त्याच सुमारास खिशात मावणारा, पाच मिनिटांत आकडा देणारा थर्मामीटर तयार केला. तरी गाडी फलाटावर उभी असताना शेकडो माणसांच्या तोंडात काच ठेवून पाच-पाच मिनिटं कोण थांबणार? मग उरतो तो हात. नाडी बघायची, अंग तापलंय का बघायचं, काखेत आणि जांघेत गाठ लागते का ते चाचपायचं. बायकांचीही अशी तपासणी झाली, आणि लोक जे कधी विसरले नाहीत ते हेच.

पुण्यात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. मार्च १८९७ पासून गोरे शिपाई घराघरांत शिरले, रोगी शोधून बाहेर काढू लागले, आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच शहराच्या कडेला, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एकच, साल एकच. एक हात हुकमाने अंगावर पडत होता, दुसरा उचलून पाठीवर घेत होता. प्लेगच्या इतिहासात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा फरक, आणि पुढे २०२० मध्येही तो उपयोगी पडतो.

हात न लावता ताप मोजता येईल, याची बीजं मात्र त्याच्या शंभर वर्षं आधीच पेरली गेली होती. विल्यम हर्शेल, मूळचा हॅनोव्हरचा वादक, १७८१ मध्ये युरेनस शोधून खगोलशास्त्रज्ञ म्हणून नावाजला. १८०० साली तो लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात किती उष्णता आहे ते थर्मामीटरने मोजत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, पारा सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण. त्याचा मुलगा जॉन याने १८४० मध्ये काजळी धरलेल्या कागदावर अल्कोहोल लावून, ते कुठे लवकर उडतं कुठे उशिरा यावरून, उष्णतेचं पहिलं चित्र उमटवलं.

आपलं शरीरही हे किरण सतत बाहेर टाकत असतं. ३७ अंशांच्या आसपासच्या अंगातून निघणाऱ्या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या जवळपास असतो, आणि त्वचेचा रंग कोणताही असो, या पट्ट्यात ती जवळजवळ सारखीच तेजस्वी असते. थर्मल कॅमेरा त्याचं चित्र काढतो, गरम भाग वेगळ्या रंगात, थंड भाग वेगळ्या रंगात. थर्मल गन म्हणजे त्याच घराण्यातली गरीब बहीण. ती चित्र काढत नाही, कपाळाच्या एका ठिपक्याची उष्णता तेवढी घेते आणि आकडा दाखवते.

वैद्यकात आधी आला तो कॅमेरा. १९५६ मध्ये माँट्रियलच्या रे लॉसन या शल्यचिकित्सकाने दाखवलं, की स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीवरची कातडी भोवतालपेक्षा गरम असते. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभारते, त्या रक्ताने ती ऊब येते. आशा फार मोठी होती: ना किरणोत्सर्ग, ना दाब, ना स्पर्श. पण १९७३ पासून अमेरिकेत लाखो बायकांची तपासणी करणारा जो मोठा प्रकल्प चालला, त्यात थर्मल चित्रांनी निम्म्याहून अधिक कर्करोग हातचे घालवले आणि ही पद्धत त्यातून काढून टाकावी लागली. १९८२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली ती दुसऱ्या तपासणीच्या जोडीला वापरण्यापुरती. मॅमोग्राफीच्या जागी थर्मल चित्र चालणार नाही, हे ते प्रशासन आजही बजावून सांगत असतं.

मग २००३ मध्ये सार्स आला. सिंगापूरने सैन्याच्या थर्मल कॅमेऱ्यात बदल करून तो चांगी विमानतळावर लावला आणि उतरणाऱ्या प्रवाशांचे चेहरे पडद्यावर दिसू लागले. भारतात सार्सचा पहिला संशयित रुग्ण त्या एप्रिलमध्ये गोव्यात सापडला. २००९ च्या स्वाइन फ्लूत विमानतळांवर पुन्हा तेच कॅमेरे उभे राहिले, आणि ऑगस्टमध्ये पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला त्या साथीचा पहिला. सार्सच्या बाबतीत ताप बघण्यात अर्थ होता, कारण सार्सचा रोगी आजारी पडल्यावरच रोग पसरवतो. करोनाने नेमकी हीच बाजू उलटी केली. ताप येण्याच्या आधी दोन दिवस माणूस हसत-बोलत रोग वाटत असतो, आणि पुष्कळांना तर ताप येतच नाही.

बुलढाण्याला ही साथ फार लवकर भेटली. २८ मार्च २०२० रोजी शहरातल्या शासकीय रुग्णालयात न्यूमोनिया झालेल्या ४५ वर्षांच्या एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि दुसऱ्या दिवशी अहवाल आला: करोना. विदर्भातल्या अगदी पहिल्या करोना-मृत्यूंपैकी हा एक. मुंबई-पुण्याचा रोग म्हणून लांबून बघणारा जिल्हा एका रात्रीत हादरला. शेगावचं गजानन महाराजांचं मंदिर आधीच बंद झालं होतं. जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, घशातल्या स्रावाचे नमुने सुरुवातीला नागपूरला पाठवावे लागत. उत्तर यायला वेळ लागे. हाताशी, जागच्या जागी उत्तर देणारं जे काही होतं ते म्हणजे थर्मल गन. त्यामुळे ती सगळीकडे दिसू लागली. जिल्ह्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर, दवाखान्यांच्या दारात, बँकेत, कापूस खरेदीच्या केंद्रावर, नंतर किराणा दुकानातसुद्धा.

ती किती फसवी आहे हे एप्रिल-मेमध्ये राष्ट्रीय महामार्गावर कळलं. नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा हा रस्ता मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जिल्ह्यातून जातो. मुंबई-ठाण्यातून निघालेले छत्तीसगड, ओडिशाचे मजूर डोक्यावर सामान, कडेवर लेकरं घेऊन याच रस्त्याने चालत होते. घाटावरच्या बुलढाण्यात मे महिना तरी सोसवतो. घाटाखालच्या या पट्ट्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर वितळायला येतं. अशा उन्हात चार तास चाललेल्या माणसाच्या कपाळाची कातडी तापलेलीच असणार, त्याचा शरीराच्या आतल्या तापाशी संबंध नाही. उलट, घामाने ओलं कपाळ गार लागतं आणि खरा ताप झाकला जातो. शिवाय गनवर दिसणारा आकडा कपाळाचा नसतोच. कपाळाची कातडी साधारण ३३ ते ३५ अंशांवर असते, यंत्र त्यात आपल्या हिशेबाने भर घालून शरीराचं तापमान म्हणून दाखवतं. त्या हिशेबाला उन्हाचा, वाऱ्याचा, पंख्याचा पत्ता नसतो. पॅरासिटामोलची एक गोळी घेऊन नाका ओलांडणाऱ्याचा तर नाहीच नाही. नीट मोजायचं तर माणसाला सावलीत पंधरा-वीस मिनिटं बसवायला हवं, टोपी-दुपट्टा काढायला हवा, कपाळ पुसायला हवं, आणि गन दोन बोटांवर, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटरवर, सरळ धरायला हवी. नाक्यावर रांग लागलेली असताना यातलं काय होणार?

जगभरचा अनुभव हाच होता. अमेरिकेने १७ जानेवारी ते १३ सप्टेंबर २०२० या काळात विमानतळांवर ७,६६,०४४ प्रवासी तपासले. ताप आणि लक्षणं बघून, चौकशी करून, शेवटी करोनाचे रुग्ण किती मिळाले? नऊ. प्रत्येक ८५,००० माणसांमागे एक. त्यांनी ती तपासणी बंद केली.

आणि दोनच दिवसांनी, १५ सप्टेंबर २०२० रोजी, महाराष्ट्राने तीच गन हातात घेऊन घरोघर जायला सुरुवात केली. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही ती मोहीम. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, आरोग्यमंत्री शेजारच्या जालन्याचे राजेश टोपे, आणि बुलढाण्याचे पालकमंत्री सिंदखेडराजाचे डॉ. राजेंद्र शिंगणे, ज्यांच्याकडे राज्याचं अन्न व औषध प्रशासन खातंही होतं. एका पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, रोज पन्नास घरं. ऑक्टोबरच्या मध्यावर दुसरी फेरी. जे साधन तिकडे निकामी ठरलं ते इकडे का उचललं, असा प्रश्न कागदावर रास्त आहे. पण विमानतळ आणि ओसरी यांत फरक आहे.

तो सप्टेंबर डोळ्यांसमोर आणा. मूग-उडीद निघालेला, सोयाबीन पिवळं पडू लागलेलं, कुठे कापणी लागलेली. दहा वाजता गेलं तर घरात म्हातारी आणि लेकरं. म्हणून पथकातल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, तांबडं फुटल्यावर निघायच्या किंवा दिवेलागणीला यायच्या. गुलाबी साडी, तोंडाला मास्क, पिशवीत गन, ऑक्सिमीटर, फॉर्मचा गठ्ठा, दारावर लावायचे स्टिकर. गावोगावच्या ओसरीवर जे घडत होतं ते थोड्याफार फरकाने असं:

‘‘आबाजी, दुपट्टा काढा जरा.’’

‘‘काय हाय हे माय? बंदूक लावते काय डोक्याले?’’

‘‘ताप पाह्याची मशीन हाय. अंगाले लागत नाही. पण तुम्ही वावरातून आले नं? मंग बसा आधी. पाणी प्या. मी तवर बाकीच्यायचं पाहतो.’’

वऱ्हाडी बाई स्वतःबद्दल ‘पाहतो’ म्हणते, आणि म्हाताऱ्याला सावलीत बसवण्याचा जो नियम जगातल्या मोठमोठ्या संस्थांनी पत्रकं काढून सांगितला, तो ती कोणाच्या न सांगता पाळते. कारण तिला माहीत आहे तो आत्ता कुठून आला. थोरल्या सुनेला सातवा महिना आहे, धाकटा सुरतेहून परवाच परतलाय, आबाजींना शुगर आहे आणि गोळ्या चार महिन्यांपासून बंद आहेत, कारण तालुक्याला जायला एसटी नाही. यातलं काहीही थर्मल गनला दिसत नाही. ते विचारावं लागतं, आणि विचारणारं माणूस ओळखीचं असावं लागतं. मोहिमेच्या फॉर्ममध्ये मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, कर्करोग यांची नोंद होती. माझ्या मते त्या मोहिमेचा खरा ऐवज तो रकाना होता. गन हे दार उघडायचं निमित्त ठरलं.

पिशवीतली दुसरी वस्तू मात्र निव्वळ निमित्त नव्हती. बोटाला लावायचा तो चिमटाही अवरक्त किरणांवरच चालतो. फरक इतकाच की गन शरीरातून आपोआप निघणारे किरण टिपते, आणि ऑक्सिमीटर स्वतःचे किरण बोटातून आरपार पाठवतो. एक तांबडा, ६६० नॅनोमीटरचा, दुसरा अवरक्त, ९४० चा. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन रंग वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी बदलणारा भाग तेवढा धरायचा आणि बाकी सगळं, कातडी, हाड, नख, वजा करायचं, ही युक्ती १९७४ मध्ये टोकियोच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांना सुचली. १८ एप्रिल २०२० रोजी, सगळं जग त्यांच्या यंत्रामागे धावत असताना, ते वारले. करोनात कित्येकांचा प्राणवायू दम न लागताच खाली जाई. माणूस चहा पीत बसलेला, बोलतोय, आणि आकडा ८८. कपाळ गार. अशा माणसाला गनने घरीच बसवलं असतं, चिमट्याने दवाखान्यात पाठवलं. ९५ च्या खाली आकडा आला, की फिव्हर क्लिनिकला नेण्याची सूचना पथकांना होती.

मोहिमेने साथ संपली असं म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात, बुलढाण्यासह, रुग्ण पुन्हा झपाट्याने वाढले आणि राज्यातली दुसरी लाट याच बाजूने पहिल्यांदा दिसली. मधल्या काळात दिवाळीच्या पाडव्यापासून मंदिरं उघडली होती आणि शेगावला दर्शनबारीच्या तोंडाशी, इतर सगळ्या देवस्थानांप्रमाणे, कपाळावर गन धरली जात होती. साथ तिथेही गनच्या नजरेतून निसटली असणार. ताप नसलेल्याला ती पकडू शकत नाही, एवढंच त्याचं कारण.

त्याच फेब्रुवारीत, जिल्ह्याचे डोळे करोनाच्या आकड्यांवर खिळलेले असताना, मुंबईतून एक वेगळाच निष्कर्ष जगापुढे आला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा मागोवा घेतला होता. डॉ. इंद्रनील मित्रा त्यात अग्रभागी होते. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने स्तनांची तपासणी केली. ना मॅमोग्राफी, ना थर्मल कॅमेरा. कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत त्या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत असा फायदा दिसला नाही, हेही त्या अहवालात स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याच प्रकल्पात गर्भाशयमुखाची तपासणी व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केली गेली, तिने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी उतरल्याचं २०१३ मध्येच जाहीर झालं होतं.

इकडे थर्मल कॅमेराही थांबलेला नाही. बंगळुरूत २०१६ मध्ये डॉ. गीता मंजुनाथ यांनी सुरू केलेली ‘निरामय’ कंपनी स्तनांची थर्मल चित्रं संगणकाकडून वाचून घेते. लॉसनच्या काळी चित्र वाचणाऱ्याच्या डोळ्यावर सगळं अवलंबून होतं, आता लाखो ठिपक्यांचा हिशेब यंत्र करतं. स्पर्श नाही, कपडे उतरवून कोणासमोर उभं राहणं नाही, म्हणून गावाकडच्या बाईला हे सोसेल, असा त्यामागचा विचार आहे, आणि तो मला खोटा वाटत नाही. पण टाटाच्या प्रकल्पासारखं वीस वर्षं थांबून, मृत्यू मोजून, हे यंत्र अजून कोणी तपासलेलं नाही. तोवर त्याला जोडीचं साधन मानावं, निदान मानू नये.

ज्यांनी हे सगळं उंबऱ्याउंबऱ्यावर पोचवलं त्या आशा १५ जून २०२१ पासून राज्यभर संपावर गेल्या. जेमतेम मानधन आणि कामाप्रमाणे मिळणारा मोबदला यांवर त्यांनी वर्षभर साथीचं काम ओढलं होतं. आठवडाभराने तडजोड झाली: मानधनात दरमहा १,००० रुपये वाढ, आणि ५०० रुपये करोना भत्ता. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला.

आज बुलढाण्याच्या गावांत आशा तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, घरात कोणाला शुगर आहे का, आणि बायकांसाठी: छातीत गाठ लागते का. फॉर्ममधलं मोजमाप एकच, कमरेचं, टेपने घ्यायचं. ‘हो’ म्हणणारीला उपकेंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं जातं. मोठ्या सरकारी तपासणीसाठी पूर्वी जिल्ह्याबाहेर, बहुधा अकोल्याला, जावं लागे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत एक बुलढाण्याचं आहे.